'नशेबाजांची कॉफी' : त्या फॉरवर्डला उत्तर

दिवाळीला गावी गेलो तेव्हा शारजाहून पाव किलो येमेनी कॉफी नेली होती. हराझच्या डोंगरातली. सोबत एका पुडीत कॉफीच्या फळाची वाळलेली सालं. महिन्याभराने अण्णांचा फोन आला. पाऊस, बैल, चुलत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाले, "आरं, ते कॉफीचं पुडकं दिलं टाकून. नशेबाजांचा माल घरात कशाला?"

पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर पुरावा आला. 'कॉफीचा खरा इतिहास, जो तुमच्यापासून लपवला गेला', सहा मुद्दे, खाली 'किमान 10 जणांना पाठवा'. अण्णांनी आज्ञा पाळली होती. त्या दहांत मी होतो, माझा दाजी होता आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवरचे दोन मास्तर होते. आठवड्याभरात तेच पत्र मला तीन बाजूंनी परत आलं. म्हणून हे लिहितोय.

सहा मुद्दे थोडक्यात असे. एक, कॉफी 850 साली इथिओपियात काल्दी नावाच्या गुराख्याने शोधली, येमेनने नुसतं नाव लावून घेतलं. दोन, मोका म्हणजे चॉकलेट घातलेली कॉफी, येमेनशी संबंध शून्य. तीन, बाबा बुदानने 1670 साली सात बिया लपवून भारतात आणल्या, हा सिद्ध झालेला इतिहास. चार, येमेनी लोक मुळात आळशी आणि व्यसनी, म्हणून त्यांनी कॉफी उपटून 'कात' लावला. पाच, 2015 च्या युद्धानंतर तिथे कॉफीचं एकही झाड उरलेलं नाही, बाजारात मिळते ती सगळी बनावट. सहा, जो ती विकत घेतो तो हुथींना, म्हणजे तिथल्या बंडखोर गटाला, बंदुका घेऊन देतो.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण माझं डोकं तिथेच फिरलं.

आधी शब्दाचं बघू. फॉरवर्डमध्ये 'कात' लिहिलंय आणि आमच्याकडे निम्म्या लोकांना तो पानाला लावायचा कात वाटला. तो हा नव्हे. हे एक झुडूप. येमेनची राजधानी सना, त्या भागातले लोक त्याला 'गात' म्हणतात. त्याची कोवळी पानं दुपारच्या जेवणानंतर गालात धरून तासन्‌तास चघळायची, त्याने तरतरी येते. सवय वाईट आहे, घरखर्चाला भोक पाडणारी आहे, माझा येमेनी सहकारीही हे कबूल करतो. पण 'आळशी म्हणून लावला' हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदाही शेताचा जमाखर्च मांडलेला नाही.

कॉफीचं रोप लावल्यावर पहिलं फळ धरायला तीन-चार वर्षं. मग वर्षातून एकदा तोडणी, तीही लाल झालेलं फळ निवडून, हाताने. ते घराच्या छपरावर वाळवायचं. तिथली दगडी घरं सपाट छपरांची, आपण माळवदावर तुरी वाळत घालतो अगदी तसंच. मग व्यापारी येणार, तो सांगेल तो भाव. गातचं तसं नाही. पाणी दिलं की वर्षातून अनेक वेळा खुडता येतो. पान शिळं झालं की त्यातला जोर दोन दिवसांत जातो, म्हणून आज खुडलं ते आजच विकायचं. विकलं की रोकड हातात. ज्याच्या पोरीला उद्या दवाखान्यात न्यायचंय तो काय लावेल?

जागतिक बँकेने 2007 साली येमेनमधल्या गातवर अहवाल काढला होता. त्यात दिलंय की देशात कमावणाऱ्या दर सात माणसांमागे एक जण गातच्या लागवडीवर आणि विक्रीवर जगतो, आणि देशातल्या पाण्याचा जवळपास तिसरा हिस्सा हे एक पीक पितं. हे आकडे युद्धाच्या आधीचे आहेत. सातातला एक म्हणजे आळशी माणसांची टोळी नव्हे, ती अख्खी अर्थव्यवस्था झाली.

ती उभी कशी राहिली, तेही ऐका. 1970 नंतर सौदीत तेलाचा पैसा आला आणि येमेनी डोंगरातले धडधाकट पुरुष तिकडे मजुरीला गेले. डोंगरातली शेती पायऱ्यापायऱ्यांची, दगडी बांधांवर तोललेली. एक बांध एका पावसाळ्यात ढासळला आणि लगेच कुणी बसवला नाही, तर माती खाली वाहून जाते आणि तिच्या दणक्याने खालचा बांध जातो. बाहेरचा स्वस्त गहू आला, त्यामुळे ज्वारी पिकवण्यात अर्थ राहिला नाही. सरकारने डिझेल स्वस्त ठेवलं, मग ज्याच्याकडे पैसा त्याने बोअर मारला. बोअरचं पाणी आणि रोजची रोकड, दोन्ही हाताशी असल्यावर गात पसरायला किती वेळ लागतो? सनाच्या खोऱ्यात बोअर आता शेकडो मीटर खाली गेलेत.

अण्णा, आता तुम्हालाच विचारतो. आपल्या औसा तालुक्यात ऊस का लावतात? लोक आळशी आहेत म्हणून?

2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा पुण्या-मुंबईच्या टीव्हीवर बसलेले लोक हेच बोलत होते. दुष्काळी भागातले शेतकरी अडाणी, पाणी पिणारं पीक लावतात, मग रडतात. तुम्ही तेव्हा टीव्ही बंद केला होता, माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणाला होता, "सोयाबीनला भाव द्या, तुरीला द्या, उद्या मोडतो ऊस." उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला किमान भाव, ठरलेली असते, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते, खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून परत फुटणाऱ्या उसाला, बेण्याचा खर्च नाही, आणि बिल उशिरा का होईना पण येतं. गातसारखी रोजची रोकड उसात नाही, तेवढा फरक आहे. बाकी हिशेब तोच. भरवशाचा पैसा कुठे आहे हे बघून शेतकरी पीक लावतो आणि पाण्याचा दोष मग त्याच्या स्वभावावर ढकलला जातो. तुम्हाला ज्या शिव्या बसल्या, त्याच तुम्ही दुसऱ्या डोंगरातल्या शेतकऱ्याला दहा जणांमार्फत पोचवल्या.

आणि उपटायचंच म्हणाल तर उलटंही घडलंय, ते फॉरवर्डवाल्याच्या गावी नाही. हराझच्या डोंगरात दाऊदी बोहरांची जुनी तीर्थस्थानं आहेत. तिथल्या बोहरा शेतकऱ्यांनी सय्यदनांच्या सांगण्यावरून गात उपटून परत कॉफी लावली. हे सय्यदना म्हणजे बोहरांचे धर्मगुरू, मुंबईत ज्यांची गादी आहे तेच. भेंडीबाजारात रौदत ताहेरा या बोहरांच्या मकबऱ्याच्या बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, हराझ म्हणजे काय ते सांगेल.

आता बाकीचे, भराभर.

काल्दी. गुराख्याची ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली 1671 साली रोममध्ये, तीही फाउस्टस नायरन नावाच्या एका मॅरोनाइट ख्रिस्ती पंडिताने. त्यात काल्दी हे नाव नाही आणि 850 हे सालही नाही, दोन्ही मागाहून चिकटली. अर्धं खरं एवढंच की अरेबिका या कॉफीच्या मुख्य जातीचं रानटी झाड इथिओपियाच्या नैर्ऋत्य जंगलातलं आहे, हे शास्त्रज्ञ मानतात. पण रानात झाड असणं वेगळं आणि ते शेतात लावून, त्याचं पेय करून, त्याचा व्यापार उभा करणं वेगळं. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रला, म्हणजे नामस्मरणाला, जागं राहायला कॉफी पीत, असं सोळाव्या शतकात अल-जझीरी नावाच्या अरब लेखकाने लिहून ठेवलंय. 1511 मध्ये मक्केत तिच्यावर बंदी आली, म्हणजे तोवर ती गावभर झाली होती. जगात आज पिकणाऱ्या अरेबिकाचा बहुतेक वंश येमेनमार्गे गेलेल्या मूठभर झाडांचा आहे. याला 'नाव लावून घेतलं' म्हणत नाहीत.

मोका. हे तांबड्या समुद्राकाठचं बंदर आहे, अल-मखा. किनारा रखरखीत, तिथे कॉफीचं झाड जगणारही नाही. डोंगरातला माल बैत अल-फकीहच्या बाजारात यायचा आणि तिथून बंदरांवर. मोक्यात दलाली करणारे गुजराती बनिये होते, सुरतेहून जहाजं कापड घेऊन जात आणि परतीला कॉफी भरत. आपल्याकडे कॉफीला जुना शब्द बुंद किंवा बुंददाणा आहे ना, तो अरबी 'बुन्न'चाच. आजही येमेनी माणूस कॉफीच्या बीला बुन्न म्हणतो. चॉकलेटचं पेय हे त्या बंदराच्या नावाचं फार उशिराचं लेकरू.

ही मक्तेदारी मोडली ती डचांनी. त्यांनी जावा बेटावर लागवड केली. 1721 साली ॲमस्टरडॅमच्या बाजारातली दहातली नऊ पोती मोक्याची होती, 1726 ला दहातली नऊ जावाची. पाच वर्षांत! तेव्हा येमेनमध्ये कुणी आळशी झालं नव्हतं. पुढे 1839 मध्ये इंग्रजांनी येमेनचंच एडन बंदर घेतलं, व्यापार तिकडे वळला आणि मोकाही ओस पडलं. एडन म्हणजे तेच, जिथे आपल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी 1883 मध्ये तुरुंगात प्राण सोडला. तेव्हा एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. म्हणजे 'आपला काय संबंध' असं विचारायचीही सोय नाही.

बाबा बुदान. सात बियांची कथा चिकमगळूरच्या डोंगरात सगळे सांगतात आणि मलाही ती आवडते. पण ती कथा आहे. सालाचा कागद कुणाकडे नाही, 'सिद्ध' हा शब्द काढून टाका. गंमत बघा, पहिल्या मुद्द्यात येमेनला काडीची किंमत नाही आणि तिसऱ्यात आपल्या कॉफीचं बी येमेनहूनच आणलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं पत्र एकदा सलग वाचलं असतं तरी पुरलं असतं.

पाचवा मुद्दा, एकही झाड उरलं नाही. येमेनमध्ये आजही वर्षाला साधारण 20,000 टन कॉफी पिकते असे आकडे आहेत. भारतात साडेतीन लाख टनांच्या आसपास पिकते, त्यापुढे ती काहीच नाही, पण शून्यही नाही. बनावटीचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. इथिओपियाचा माल समुद्रापलीकडून आणून येमेनी म्हणून खपवला जातो. भाव एवढा असल्यावर भेसळ होणारच, देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघत नाही का? म्हणून देवगडला झाडं नाहीत असं कुणी म्हणत नाही.

सहावा. इथे थोडं थांबतो, कारण हे वाचून लोक खरोखर घाबरतात. हुथींनी सप्टेंबर 2014 मध्ये सना घेतलं, मार्च 2015 पासून सौदीच्या आघाडीचे बॉम्ब पडू लागले. 2022 च्या एप्रिलात युद्धबंदी झाली, पण देश दोन तुकड्यांत राहिला. हराझ हुथींच्या ताब्यात आहे हे खरं. माल बंदरावर न्यायचा तर वाटेत दोन्ही बाजूंचे नाके लागतात आणि नाक्यावर पैसे मोजावे लागतात, हेही खरं. म्हणजे तुमच्या पाकिटातला काही भाग बंदूकवाल्याच्या खिशात जातो, हे मी नाकारत नाही. पण त्या न्यायाने तिथे जाणारं गव्हाचं पोतंही बंद करा, कारण तेही त्याच नाक्यावरून जातं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज होता की 2021 अखेरपर्यंत या युद्धाने 3,77,000 माणसं गेली आणि त्यातली जवळपास 60 टक्के गोळीने किंवा बॉम्बने नाही, तर उपासमारीने आणि औषधपाण्यावाचून. बाहेरच्या जगाने कॉफी घेणं बंद केलं तर नाकेवाल्याचं अडत नाही, त्याला गातच्या गाड्या रोज मिळतात. अडतं ते छपरावर फळं वाळत घालणाऱ्या घराचं. आणि मग ते घर काय लावेल? तुमच्याच चौथ्या मुद्द्यातलं झुडूप.

आमच्या गोदामात जो येमेनी सहकारी आहे, त्यानेच मला त्या सालांचं पेय शिकवलं. किश्र म्हणतात. पातेल्यात पाणी, मूठभर सालं, ठेचलेलं आलं, असली तर दालचिनी, साखर. उकळी आली की फेस वर चढतो, तो खाली बसू द्यायचा, परत चढू द्यायचा. रंग उतरतो फिक्या चहासारखा आणि चव मनुकांच्या पाण्याच्या जवळची. बी विकायला जायचं म्हणून घरच्यांनी सालं प्यायची, अशी ती रीत, तो म्हणाला. त्याच्या आईचा फोन लागला नाही तर तो दिवसभर कुणाशी बोलत नाही. त्याला मी हे फॉरवर्ड वाचून दाखवलेलं नाही.

हे सगळं काल रात्री अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही, म्हणजे रागावले होते. टाकलेल्या पुडक्याचं काय केलं विचारलं तर म्हणाले, "कॉफी कढीपत्त्याच्या बुडात घातली. सालं हायेत, ती तुझ्या मायनं ठिवली." बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग विचारलं, "त्या झाडाला पाण्याच्या पाळ्या किती लागत्यात रं?"