तुम्ही झोपता कुठे?

शहर आणि जिल्हा मिळून एकच परिवहन प्राधिकरण करायचं घाटतंय आणि त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना ऐकायच्या आहेत, अशी जाहिरात आली म्हणून गेलो. जाहिरातीच्या तळाशी ‘वाहनतळाची सोय आहे’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं. बस कुठली येते ते नव्हतं. बसबद्दल बोलायला कोणी यावं अशी अपेक्षा होती, ते यावरून कळलं.

दारात टेबलावर दोन वह्या होत्या, निळी शहराची आणि लाल जिल्ह्याची. टेबलामागच्या बाईंनी पत्ता विचारला. माझं घर हद्दीच्या अलीकडे की पलीकडे हा जुनाच वाद आहे. पाणी शहराचं येतं, घरपट्टी पलीकडे जाते आणि कचरा दोघंही नेत नाहीत. “मग लाल वहीत सही करा,” बाई म्हणाल्या, “लाल वहीवाले दुसऱ्या सत्रात.” दुसरं सत्र जेवणानंतर होतं. अध्यक्षसाहेब जेवणापर्यंत होते.

मी दोन पानं लिहून नेली होती, आदल्या रात्री जागून. ती घडी करून खिशात घातली आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. शेजारच्या खुर्चीवर एक काका होते. मांडीवर सुतळीने बांधलेली फाइल, खिशाला तीन रंगांची पेनं. निळ्या वहीत सही करून, बोलून मोकळे झाले होते. तरी थांबले होते.

“तुमचं काय?” त्यांनी विचारलं.

“हद्दीवर गाडी बदलावी लागते. शहराचा पास पलीकडे चालत नाही आणि आमची गाडी पोचली की पलीकडची सुटते. तेवढं जुळवा, एवढंच सांगायला आलोय.”

सुप्रीम कोर्टाच्या वकिलासमोर कोणी सायकल हरवल्याची तक्रार घेऊन यावं, तसा त्यांचा चेहरा झाला. “हे वरवरचं झालं. मूळ मुद्दा तुटीचा आहे.”

“तुटीचा?”

“गाडी तुमच्या नाक्यावरून निघाली, शहरात संपली. तिकिटात डिझेलही भागलं नाही. तूट आली. कोणाची?”

“निम्मी निम्मी?”

“वा! सात किलोमीटर जिल्ह्यातले, चार शहरातले, आणि निम्मी?”

“मग किलोमीटरच्या प्रमाणात.”

“म्हणजे जिल्ह्याने जास्त भरायची. ते म्हणणार, माणसं तर तुमच्या ऑफिसात कामाला येतात, तुमच्या दुकानात पैसे टाकतात, आम्ही का भरू? त्यात रिकामी गाडी धावली तरी किलोमीटर होतातच. म्हणून मी काय म्हणतो, किलोमीटर सोडा, माणूस धरा.” ते माझ्याकडे वळले. “माणूस ज्या हद्दीत झोपतो, तूट त्या हद्दीची.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“आणि रात्रपाळीवाले?”

“प्रश्न चांगला आहे.” लाल पेन निघालं, प्रश्न टिपला गेला. “ते दिवसा झोपतात. पण घरीच झोपतात.”

“कामावर झोपतात त्यांचं?”

“तो आस्थापना विभागाचा विषय.”

“आणि जो बसमध्येच झोपतो?”

काका पहिल्यांदा अडले. फाइल उघडली, मिटली. “बस त्या वेळी ज्या हद्दीत असेल ती हद्द.”

“झोपेत हद्द ओलांडली तर?”

“कंडक्टरने उठवायचं,” काका म्हणाले. “हद्दीवर गाडी थांबवायची, सगळ्यांना उठवायचं, नोंद घ्यायची आणि पुन्हा झोपू द्यायचं. मिनिटाचं काम आहे. मनात पाहिजे.”

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवली. त्या बहुधा बराच वेळ ऐकत होत्या. “बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीची तूट कोणाकडे हो?” काकांनी हिरवं पेन काढलं. हिरवं कशासाठी होतं ते मी विचारलं नाही.

तुम्हाला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. मलाही वाटलं. पण काका ज्या खड्ड्यात उभे होते, त्यात त्यांच्याहून मोठी माणसं पडून गेलीत. अमेरिकेत अटलांटा शहर आणि आसपासच्या काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, मिळून एक परिवहन संस्था काढली. १९७१ मध्ये मतदान घेतलं, विक्रीकरात एक टक्का वाढ देता का म्हणून. फुल्टन आणि डिकॅल्ब या काउंट्या हो म्हणाल्या, क्लेटन आणि ग्विनेट नाही म्हणाल्या. क्लेटनने पुढे स्वतःची बससेवा काढली, ती २०१० मध्ये पैशांअभावी बंद पडली, आणि २०१४ मध्ये पुन्हा मतदान होऊन काउंटी त्याच संस्थेत सामील झाली. मधे ४३ वर्षं गेली. ग्विनेटने २०१९ मध्येही नाहीच म्हटलं. इतक्या वर्षांत तिथल्या हद्दींवर किती माणसं गाडी बदलत उभी राहिली असतील, याची नोंद कुठल्या रंगाच्या पेनाने कोणी घेतली असेल असं वाटत नाही.

लांब कशाला जा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या दोन बससेवा २००७ मध्ये एक झाल्या, तेव्हा तुटीची वाटणी ६० आणि ४० टक्के अशी ठरली. झोपेचा काही संबंध आला नाही. दोन आकडे ठरवले, संपलं. आकडा बरोबर की चूक यावर नंतर भांडता येतं. पण भांडायला आधी आकडा लागतो.

माझ्या खिशातल्या दोन पानांत तर याहून साधी गोष्ट होती. हॅम्बुर्गने १९६५ मध्ये काय केलं, तर रेल्वेवाले, बसवाले, बोटवाले होते तसेच ठेवले. गाड्या ज्याच्या त्याच्या, ड्रायव्हर ज्याचे त्याचे. वर फक्त एक संस्था बसवली. तिने वेळापत्रक एकत्र आखायचं, तिकीट एकच काढायचं आणि जमलेले पैसे ठरल्याप्रमाणे वाटायचे. डेपो कोणाचा, नोकरभरती कोण करणार, गाड्यांना रंग कोणता, यातल्या कशालाच हात लावायची गरज नाही. आपल्याकडेही २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात दहा लाखांवरच्या शहरांसाठी एकत्रित प्राधिकरण करा असं लिहून ठेवलंय. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर मेट्रो हवी असेल तर असं प्राधिकरण करा, अशी अटच घातली. म्हणजे कागदाची वानवा नाही.

सुनावणीसाठी वाटलेला मसुदाही चांगला जाडजूड होता. अध्यक्षपद अडीच-अडीच वर्षं आलटून पालटून, सदस्य शहराचे किती नि जिल्ह्याचे किती, बैठक भत्ता, बोधचिन्ह, बोधचिन्हासाठी स्पर्धा. ‘वेळापत्रकांचे एकत्रीकरण’ ही ओळ शेवटून दुसऱ्या पानावर आहे आणि तिच्यापुढे ‘यथावकाश’ असं लिहिलंय.

यथावकाश! आमच्या हद्दीवर या एकदा. शहराची बस जिथे वळते तिथलं डांबर गोल गुळगुळीत झालंय. शंभर पावलांवर पलीकडची बस इंजिन चालू ठेवून उभी असते. आमच्या गाडीचं दार उघडायला आणि तिने गिअर टाकायला एकच गाठ पडते. आम्ही पळतो. पुढे कॉलेजची पोरं, मध्ये मी, मागे गुडघे धरून येणाऱ्या आजी. पोरं दार बडवतात, कधी गाडी थांबते, बहुतेकदा थांबत नाही. ड्रायव्हरला शिव्या घालून उपयोग नाही, त्याचा वेळेचा कागद वेगळ्याच हापिसातून येतो आणि त्या कागदावर आमच्या गाडीचा उल्लेखच नाही. तिथल्या साहेबांना फोन केला तर ते म्हणतात शहराने पाच मिनिटं आधी यावं. शहरवाले म्हणतात त्यांनी पाच मिनिटं थांबावं. पाच मिनिटांसाठी प्राधिकरण लागतं, प्राधिकरणासाठी कायदा लागतो, कायद्यासाठी मसुदा, मसुद्यासाठी सुनावणी. आणि सुनावणीत मी लाल वहीत. आजींना यातलं काही सांगायची सोय नाही, त्या मलाच विचारतात, “पुढची कधी हो?”

दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा व्यासपीठावर एक उपअभियंता उरले होते. “बोला, मी ऐकून घेतो. नोंद मात्र साहेब असतानाच होते,” असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मी हॅम्बुर्गपाशी पोचलो तोवर सतरंज्या उचलायला माणसं आली.

काल इतिवृत्त आलं. माझ्या दोन पानांचं ‘एका नागरिकाने परदेशांविषयी माहिती दिली’ असं झालंय. खाली ठराव आहे, तूट विभागणीसाठी ‘प्रवाशाचे मूळ ठिकाण’ निश्चित करण्याकरिता उपसमिती नेमण्यात येत आहे. काका निमंत्रित सदस्य आहेत.

आज सकाळी त्यांचा फोन आला, नंबर लाल वहीतून घेतला म्हणाले. हद्दीवरचा माणूस म्हणून नमुन्याला माझं उदाहरण घेणार आहेत. मी दुपारी झोपतो का, आणि झोपत असेन तर कोणत्या खोलीत, एवढंच त्यांना विचारायचं होतं.