एक चक्कर मारून आणतो

कालचा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा मधूनमधून चिडचिड दिसली तर समजून घ्या.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात आमचा प्लॉटरवाला बसतो. आर्किटेक्चरच्या पोरांची शीट्स छापून घ्यायचं हक्काचं ठिकाण. पाच वाजता सबमिशन, पाठीवर शीटची लांबलचक नळी, घामाने पाठीला चिकटलेला कुर्ता, अशा अवतारात मी सायकल घेऊन गेटपाशी पोचले आणि वॉचमनने रजिस्टर उघडलं.

"गाडी नंबर?"

"सायकल आहे, दादा."

"ते दिसतंय. नंबर सांगा."

"सायकलला नंबर नसतो."

त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. रकाने आखलेले होते. नाव, गाडी नंबर, आत, बाहेर, सही. "हा रकाना मोकळा राहिला की सुपरवायझर मला बोलतो." म्हटलं, मग तिथे 'सायकल' असं लिहा. तर म्हणे, "तो नंबर थोडीच आहे, ताई." यावर काय बोलणार? नंबर नाही म्हणजे गाडी नाही आणि गाडी नाही म्हणजे पार्किंग नाही. बरं, कायद्याच्या लेखीही सायकल मोटार वाहन नव्हेच. म्हणून मला लायसन लागत नाही, विमा लागत नाही, पीयूसी लागत नाही. आजवर मी याला सवलत समजत होते.

"बाहेर लावा कुठेतरी."

बाहेर 'कुठेतरी' म्हणजे एका अंगाला चहाची टपरी, दुसऱ्या अंगाला फुटपाथवर चढवलेल्या स्कूटरी आणि मधे नाल्यावरची हलणारी फरशी. मी त्या फरशीचा अंदाज घेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अ‍ॅटलास का?"

वळून बघितलं तर एक काका. सत्तरीचे असावेत. कडक इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातातल्या कापडी पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावतेय. मी म्हटलं, नाही काका, दुसऱ्या कंपनीची आहे. त्यांचा चेहरा पडला. त्यांना मी हेही सांगितलं नाही की अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, आणि तोही ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या मुहूर्तावर. नियतीलाही कधी कधी अती करायची हौस असते.

"मी प्रेसमध्ये होतो," काका म्हणाले.

बाहेरगावच्या माणसाला वाटेल, वर्तमानपत्रात असतील. नाशिककराला विचारावं लागत नाही. प्रेस म्हणजे नाशिकरोडची प्रेस, जिथे नोटा छापतात. प्रेसमधून रिटायर झालेल्या माणसाच्या बोलण्यात एक वेगळाच रुबाब असतो. अहो, ज्याने आयुष्यभर पैशाच्या थप्प्या नुसत्या मोजल्या, तो आपल्या परिस्थितीवर दडपणाने कशाला बोलेल?

"शिफ्ट सुटली ना पोरी, की जेलरोडला नुसत्या सायकलीच सायकली. रस्ता दिसायचा नाही. आणि डबलसीट दिसलं की पोलीस धरायचा. रात्री दिवा नसला तरी धरायचा. तुझ्या सायकलला दिवा कुठाय?"

"बॅटरीवरचा आहे. काढून बॅगेत ठेवलाय."

"काढून? का?"

"चोरीला जातो."

"आमचा डायनॅमो नाही कधी गेला चोरीला," असं म्हणून त्यांनी पुढच्या चाकावर अंगठा दाबला. डॉक्टर पोट दाबतात तसा. मग मागच्या. मग माझ्याकडे पाहून गंभीरपणे मान हलवली. "हवा कमी आहे." ब्रेक बघितले आणि वॉचमनला बोलावून घेतलं. "हे बघ. डिस्क ब्रेक. सायकलला! उद्या एअरबॅग बसवतील." वॉचमनही वाकून बघायला लागला. मला नंबरावरून अडवणारा हाच माणूस आता माझ्या सायकलीची घंटा वाजवून बघत होता.

"केवढ्याला?"

मी किंमत सांगितली. काकांनी डोळे मिटून घेतले. "एवढ्यात आमच्या धाकट्याचं लग्न झालं होतं." वॉचमन म्हणाला, "थोडे घालून सेकंडहँड स्प्लेंडर आली असती, ताई."

"पाठीवर काय? बासरी?"

"शीट्स आहेत, काका. मी आर्किटेक्चरला आहे."

"म्हणजे शिकलेली आहेस," ते म्हणाले. हा धक्का त्यांना किमतीपेक्षा मोठा बसला असावा. मग आवाज खाली आणून, "वडील काय करतात?"

"बँकेत आहेत."

"घरी गाडी नाही?"

"आहे ना. कार आहे."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नाही असं नाही. पुष्कळ उत्तरं आहेत. आमची कार बाबा फक्त रविवारी मिसळ खायला काढतात आणि ती लावायला जागा शोधेपर्यंत मिसळीची तर्री थंड होते. कॉलेज रोडला संध्याकाळी कार घेऊन जाणं म्हणजे कारमध्ये बसून कॉलेज रोड बघणं. पेट्रोल शंभरीच्या पार गेलंय. इंदिरानगरहून निघून बोगद्यातून गोविंदनगर, तिडके कॉलनी करत मी सायकलने जेवढ्या वेळात पोचते, तेवढ्या वेळात कारवाले बोगद्याच्या तोंडाशी एकमेकांना हॉर्न ऐकवत असतात. पण खरं उत्तर 'मला आवडतं' एवढंच आहे, आणि ते आजवर कुणालाही पटलेलं नाही. सोसायटीतल्या एका काकूंनी तर आईला लिफ्टमध्ये हळूच विचारलं होतं, "भाऊंचं सगळं ठीक आहे ना? नाही, पोरीला सायकलवर बघितलं म्हणून." आईने घरी येऊन चार दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. बाबांनी स्कूटीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत आणि दर महिन्याला ते शोरूमच्या एखाद्या ऑफरचा फोटो मला पाठवतात, खाली काहीही न लिहिता.

यातलं काही मी काकांना सांगितलं नाही. "व्यायाम होतो," म्हटलं.

चुकीचं शस्त्र हातात दिलं. काका खुलले. "व्यायाम करावा तर महाजन डॉक्टरांसारखा! दोघं भाऊ, आपले नाशिकचे, अख्खी अमेरिका सायकलवर आडवी पार केली. किती सालची गं गोष्ट?"

"२०१५."

"बघ. किती किलोमीटर?"

"साधारण ४८००."

"किती दिवसांत?"

"नऊ दिवसांच्या आत."

"आणि तू इंदिरानगरहून आलीस तर एवढी घामाघूम?"

आता महाजन बंधूंबद्दल मला प्रचंड आदर आहे. रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका दोघांच्या टीमने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. पश्चिम किनाऱ्यावरून सुटायचं ते थेट पूर्व किनारा, मधे वाळवंट, मधे रॉकी पर्वत, दिवसरात्र आळीपाळीने चालवायची. पण नाशिकमध्ये सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे नाव परीक्षेच्या तोंडावर शेजारच्या हुशार मुलाचं ऐकवावं तसं ऐकवलं जातं, आणि तेही बहुधा दुधाची पिशवी आणायला स्कूटर काढणाऱ्यांकडून. शिवाय अमेरिकेतल्या त्या रस्त्यावर इंदिरानगरचा बोगदा नव्हता, हा मुद्दा कुणी लक्षातच घेत नाही.

"हे धर," काका म्हणाले आणि मेथीची पिशवी माझ्या हातात आली. मी ती घेतली, कारण मोठ्या माणसाने काही दिलं की आपला हात आपोआप पुढे होतो. दुसऱ्या हातातून सायकलीचं हँडल सुटलं कधी, ते कळलंच नाही.

"एक चक्कर मारून आणतो."

"काका, मला उशीर होतोय..."

टांग टाकून गेलेसुद्धा. सत्तरीतला माणूस, पण टांग अशी सफाईदार की टपरीवरचे दोघे "वा!" म्हणाले. गेले ते बी. वाय. के. कॉलेजच्या दिशेने, आणि गर्दीत दिसेनासे झाले.

मी मेथी घेऊन उभी. तळघरात प्लॉटर चालू असल्याचा आवाज येत होता आणि माझा नंबर कुणीतरी खात होतं. आत जावं तर सायकल गेली, थांबावं तर सबमिशन गेलं. वॉचमन म्हणाला, "ताई, भाजी घेऊन गेटात उभं राहू नका, गाड्यांना अडचण होते."

उभं राहिलं की डोक्यात नको ते विचार येतात. मला दर रविवारी गंगापूर रोडने दिसणारी मंडळी आठवली. अंगात चकचकीत जर्सी, डोळ्यांवर गॉगल, सकाळी धरणापर्यंत जायचं, येताना सोमेश्वरला फोटो. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यातले बरेच जण चांगले आहेत, एकाने मला एकदा पंक्चर काढून दिलंय. दरवर्षी नाशिकहून शेकडो लोक सायकलवर पंढरपूरला जातात, लोक वाटेत उभे राहून त्यांच्यावर फुलं टाकतात. टाकावीतच. पण गंमत बघा. सायकलने विठ्ठलाकडे गेलं की पुण्य आणि प्लॉटरवाल्याकडे गेलं की दारिद्र्य. ज्याला सायकलची गरज नाही त्याने ती चालवली की कौतुक, आणि ज्याला तिच्यावरून कुठे पोचायचंय, त्याला रस्त्यात "ए बाजूला हो!"

अंबडला, सातपूरला शिफ्ट सुटते तेव्हा अंधारात अजूनही सायकली निघतात. कॅरिअरला डबा, मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, तोही निम्मा तुटलेला. त्यांच्या शेजारून टेम्पो असे जातात की पायजम्याला वारा लागावा. त्यांना कुणी विचारत नाही, व्यायाम का, मायलेज किती, गिअर किती. मला निदान विचारतात तरी. मला तर दर सिग्नलला कुणी ना कुणी डावीकडून घुसून उजवीकडे वळतं, उलट्या बाजूने येणारे मलाच डोळे वटारतात, आणि कारचं दार उघडताना मागे बघायची पद्धत आपल्याकडे बहुधा अजून आलेलीच नाही. गेल्या पावसाळ्यात एका सद्गृहस्थांच्या दारावर मी अक्षरशः जाऊन आदळले, तर ते उतरून आधी दाराचा रंग बघत होते. असो. ही यादी वाढत जाईल.

काका आले. पण माझ्याकडे नाही. ते सरळ गेटकडे वळले, वॉचमनने लगबगीने बॅरिअरचा दांडा वर केला, वर कपाळाला हात लावून सलाम ठोकला, आणि माझी सायकल, माझी तीच बिननंबरी सायकल, झोकात आत गेली. पार्किंगमध्ये एक गोल चक्कर मारून काका घंटा वाजवत बाहेर आले.

मी वॉचमनला म्हटलं, "त्यांचा नंबर लिहिलात?"

"त्यांचा कशाला? ते सी विंगमधलेच आहेत."

"पण सायकल माझी आहे!"

"चालवत ते होते ना."

काका उतरले. चेहऱ्यावर तीस वर्षांपूर्वीची शिफ्ट सुटल्याचा आनंद. "मस्त आहे. फक्त सीट फार खाली होतं तुझं. गुडघ्यांची वाट लागते अशाने. पुढच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून वर करून घेतलंय. हवा पण भरली. त्याचे दहा रुपये मी दिलेत, राहू दे."

मी सीटकडे बघितलं. ते माझ्या कमरेच्या बरंच वर होतं. काकांची उंची सहा फुटांच्या आसपास, माझी पाच फूट एक इंच.

"काका, माझे पाय टेकणार नाहीत."

"सायकल चालवायची असते, टेकायची नसते," असं म्हणून त्यांनी मेथी घेतली, "सबमिशन वेळेवर करावं हं" असा सल्ला दिला आणि सी विंगकडे चालू लागले. मी आत धावले. प्लॉटरवाल्याने "आत्ता येतेस?" म्हणत कशीबशी शीट्स काढून दिली आणि सबमिशन झालं, एवढं सांगून तो भाग सोडून देते. सरांनी घड्याळाकडे बघून जे तोंड केलं त्यावर वेगळा लेख होईल.

संध्याकाळी सीट खाली करायला त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तर ते बंद. शेजारचा म्हणाला, लग्नाला गेलाय, उद्या येईल. तेरा नंबरचा पाना आहे का म्हणून चौघांना विचारलं. टपरीवाल्याने सांडशी पुढे केली. शेवटी तशीच निघाले. चालवताना ठीक होतं, प्रश्न थांबण्याचा होता. सिग्नल आला की मी आधीच फुटपाथची कड हेरायची आणि तिच्यावर डाव्या पायाची बोटं टेकवून, नळीचा तोल सांभाळत, सर्कशीतल्यासारखी लटकून राहायची. कॅनडा कॉर्नरला कडच नव्हती, तर एका रिक्षाचा दांडा धरला. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "मीटर टाकू का?"

त्याच सिग्नलला शेजारी एक मोठी पांढरी गाडी उभी होती. काच खाली झाली. आतल्या बाई छान हसल्या.

"रेग्युलर चालवतेस? हाऊ नाइस! अगं, आमचा ग्रुप आहे. रविवारी ये ना, सहाला सोमेश्वर. हेल्मेट मात्र कंपल्सरी हं."

"येईन ना. इंदिरानगरहून निघायला लागेल मला."

"छे छे, तिथून चालवत कशाला येतेस? दमशील. ट्रॅफिकही किती असतं. सायकल गाडीत टाकून आण, आम्ही सगळे तसंच करतो."

गाडीच्या मागे कॅरिअरवर दोन सायकली बांधलेल्या होत्या, त्यांची चाकं वाऱ्याने नुसतीच फिरत होती. सिग्नल सुटायला काही सेकंदच उरले होते. मी रिक्षाचा दांडा घट्ट धरला आणि विचारलं,

"तुमच्याकडे तेरा नंबरचा पाना आहे?"