साबण, सेल आणि सेन्सर

गॅस गिझर कधीही कोरड्या माणसावर रुसत नाही. आधी अंगभर साबण, डोक्याला शाम्पू, डोळे घट्ट मिटलेले. मग टकटकटक, भप्प! ज्योत पेटते, चार-पाच सेकंद जळते आणि गुपचूप विझते. पुढचं पाणी थेट टाकीतलं.

आतून आरोळी गेली की बाहेर निदान सुरू. ‘सेल गेले असतील,’ ही आईची खात्री. ‘पाण्याला प्रेशर नाही,’ हे बाबांचं मत. सोसायटीतले काका गॅसवर संशय घेतात. सगळ्यांना निम्मे मार्क द्यायला हवेत. टकटकच होत नसेल तर सेल किंवा पाणी. वरच्या मजल्यावर धार बारीक असली की डायफ्राम, म्हणजे पाण्याच्या दाबाने हलणारा रबरी पडदा, हलत नाही आणि स्विच दाबला जात नाही. टकटक होऊनही पेटत नसेल तर गॅस नाहीतर ठिणगी. पण पेटून विझतो, त्याचा पहिला संशयित वेगळा: फ्लेम सेन्सर.

हा सेन्सर म्हणजे चिनीमातीच्या नळीतून निघालेली एक काटकुळी पिन. तिचं टोक ज्योतीत असतं. ज्योतीतून वीज वाहू शकते, अगदी मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांत. तेवढी वाहिली तर सर्किट समजतं की आग आहे; नाही वाहिली तर गॅस बंद. पिनवर काजळीचा नाहीतर ऑक्साइडचा थर चढला, की समोर धडधडीत आग असूनही तिला ती दिसत नाही; सोसायटीच्या वॉचमनसारखी ती रोजच्या माणसालाच गेटवर अडवते. मुंबईची दमट, खारी हवा वायरच्या टोकालाही गंज चढवते, तो वेगळाच.

आधी दोन्ही मोठे सेल नवे घाला, कारण मरतुकडे सेल हेच नाटक करतात. एक नवा, एक जुना ही काटकसर घड्याळात चालते, इथे नाही. तरी विझला तर सेल काढा, गॅसचा कॉक आणि पाणी बंद करा, गिझर थंड होऊ द्या. नॉब ओढून काढा, स्क्रू सोडवा, कव्हर हळूच उचला. हिसका दिलात तर डिस्प्लेची वायर कव्हरबरोबर येते आणि एकाचे दोन बिघाड होतात.

बर्नरजवळ बहुतेक दोन पिना दिसतील. बर्नरच्या पत्र्याला अगदी खेटून असते ती ठिणगीची. दुसरी आपली. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने टोक हलकं घासा, कोरड्या फडक्याने पुसा, वायरचं टोक काढून घट्ट बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असं माझं मत आहे, तरी पुष्कळ मिस्त्री थेट ‘सर्किट गेलं’ म्हणतात. चिनीमातीला तडा असेल तर घासून उपयोग नाही. करंट बॉडीत पळतो, पिनच बदला. दुकानात जुनी पिन घेऊन जा. लांबी, वाक, वायरचं टोक, सगळं कंपनीगणिक वेगळं. स्क्रू बेताने आवळा; जोर लावलात तर नवी पिनही तडकते.

एवढं करूनही विझत असेल तर गिझर कुठल्या गॅसचा आहे ते बघा. सिलिंडरचा गिझर पाइप गॅसला जोडला, की ज्योत खुजी पडते आणि पिनपर्यंत पोचतच नाही. जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोक, बदलणं, गॅसचा पाइप सोडणं ही कामं मात्र गॅसवाल्या मिस्त्रीचीच. आणि खिडकी उघडी ठेवा. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो; कोंदट न्हाणीघरात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

मग नळ सोडा. ज्योत मिनिटभर टिकली, निळी राहिली, की जिंकलात. पुष्कळ गिझर विसाव्या मिनिटाला आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे, सोय आहे. सकाळी ज्याला वीस मिनिटं न्हाणीघर मिळतं, त्याने तक्रार करूही नये.