फार्महाऊसच्या तळ्याला सांडवा आहे का?

सध्या मुंबईकरांच्या मोबाईलवर कर्जत, मुरबाड, शहापूरकडच्या प्लॉटच्या जाहिराती फिरतायत. 'स्वतःचं तळं' हे त्यातलं मोठं आकर्षण. बऱ्याचदा हे तळं म्हणजे ओढ्याला आडवा घातलेला मातीचा बांध असतो. सरळ सांगायचं तर खासगी मालकीचं छोटं धरण.

"अहो, केवढंसं तळं ते!" असं मला ऐकवलं जातं. हिशोब करून बघा. एक हेक्टरचं तळं, सरासरी तीन मीटर खोल, म्हणजे तीन कोटी लिटर पाणी. वजन तीस हजार टन. आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला बहुतेक ठिकाणी एखादी वाडी असतेच.

मातीचा बांध पाण्याचा दाब सोसतो, पण माथ्यावरून वाहणारं पाणी त्याला सोसत नाही. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो टिकू शकतो. मातीच्या बांधावरून गेलं की मागच्या उताराची माती सुटत जाते आणि बघता बघता खिंडार पडतं. म्हणून जादा पाण्याला बाजूने वाट, म्हणजे सांडवा, लागतोच, आणि तोही मोठ्यात मोठा पूर पोटात घेईल एवढा. आपले हौशी मालक नेमका तिथेच हात घालतात. तळं भरलेलं दिसावं म्हणून सांडव्यात वाळूच्या गोण्या रचतात, मासे निसटू नयेत म्हणून जाळी ठोकतात. पहिल्याच मोठ्या पावसात त्या जाळीत पालापाचोळा आणि फांद्या अडकून वाट बंद होते. बांधावर हौसेने झाडं लावतात, तेही वाईट. मुळं कुजली की पाण्याला आतून रस्ता मिळतो. पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवावं. ते गढूळ यायला लागलं तर समजा, बांध आतून पोखरला जातोय. त्या क्षणी खालच्या वाडीला उठवायचं, इंजिनिअरची वाट बघत बसायचं नाही.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबने असंच जुनं मातीचं धरण मासेमारीसाठी घेतलं होतं. बग्गीला रस्ता रुंद हवा म्हणून माथा खाली आणला, सांडव्याला माशांसाठी जाळ्या लावल्या. पाणी सोडायचे नळ आधीच काढलेले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला ते फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसं मेली. आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं. मातीचं आणि सरकारी. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. सरकारी धरणाची ही गत, तर कुणाच्याही यादीत नसलेल्या बांधाबद्दल तक्रार कुठे करायची?

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली काही ठरावीक अटींवर त्यात येतात. त्याखालचा बांध या कायद्याच्या कक्षेतच नाही, मग त्याच्या खाली दहा घरं असोत की शंभर. मला हे मान्य नाही. धोका बांधाच्या उंचीइतकाच खाली कोण राहतं यावरही ठरतो.

माती वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्या विहार तलावाचे बांधही मातीचेच, १८६० पासूनचे, आणि ते उभे आहेत. पण त्यांच्यामागे निगा राखणारी यंत्रणा आहे.

तहसील कचेरीने ओढ्यावरच्या प्रत्येक खासगी बांधाची मालकाच्या नावासकट नोंद करावी. मे महिन्यात सांडवा मोकळा आहे की नाही हे जागेवर जाऊन बघावं. बांधाखालच्या ग्रामपंचायतीकडे मालकाचा आणि राखणदाराचा फोन नंबर असावा. आणि ज्या मित्रांनी तिकडे प्लॉट घेतलेत त्यांना माझी कळकळीची विनंती: या शनिवारी जाल तेव्हा आधी सांडव्यावर जा, गोण्या आणि जाळी काढून टाका, मग ओढ्याच्या कडेने खाली चालत जाऊन पहिलं घर किती अंतरावर आहे ते बघून या.