कार्ड हरवलं सांगितलं म्हणून पासचा हप्ता थांबत नाही, तो मेसेज पुढे पाठवणं बंद करा

शुक्रवारी रात्री जेवायला बसलो आणि वहिनींचा फोन. "भावजी, जुनं कार्ड बंद करून नवीन घेतलं तरी पार्कवाल्यांनी परत शहात्तर डॉलर कापले हो. नव्या कार्डातून! त्यांना नंबर दिला कुणी?" आवाजावरून कळत होतं की घाबरल्यात, त्यांना वाटलं कुणीतरी अकाउंट हॅक केलंय. मी म्हटलं आधी स्क्रीनशॉट पाठवा. आला. ३ जून, ७६ डॉलर, तेच पार्क, आणि वर नव्या कार्डाचे शेवटचे चार आकडे. हे कार्ड त्यांनी अजून एकदाही वापरलेलं नाही, त्यावरचा 'फोन करून चालू करा' वाला स्टिकरसुद्धा निघालेला नाही.

दादा-वहिनी इथेच कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत, आमच्यापासून वीस मिनिटांवर राहतात. त्यांच्या जवळच्या एका छोट्या मनोरंजन पार्कचे चौघांचे वार्षिक पास आहेत, पैसे महिन्याच्या महिन्याला कार्डावरून जातात. पार्क जानेवारीच्या मध्यापासून दुरुस्तीसाठी बंद आहे, उघडायची तारीख दोनदा पुढे ढकलली, हप्ता मात्र चालूच. फेब्रुवारी ते जून पाच हप्ते म्हणजे ३८० डॉलर, आणि मुलांनी एकदाही आत पाऊल टाकलेलं नाही. याचा राग येणं शंभर टक्के बरोबर आहे, मलाही आलाय. पण वहिनींनी मे महिन्यात जे केलं ते आपल्या ग्रुपवर फिरणारा तो लांबलचक मेसेज वाचून केलं, आणि त्याने त्यांचं नुकसान कमी नाही, जास्त झालं. म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी, मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे: कोविडमध्ये पार्क वर्षभर बंद होते तेव्हा एकाही कंपनीने पासचा एक डॉलरही परत दिला नाही. डिस्नीलँडने तर पैसे द्यायला लागू नयेत म्हणून वार्षिक पासच रद्द करून टाकले. पासवर 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं असतं त्यामुळे पत्रं-ईमेल करत बसू नका, फायदा नाही. पार्क बंद झाला की करार आपोआप संपतो, हप्ते बुडवले तरी कुणी काही करू शकत नाही. आणि उपाय एकच, बँकेला फोन करून कार्ड हरवलं म्हणून सांगा, कार्ड बंद म्हणजे हप्ता बंद.

शेवटच्या उपायापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतोय.

कार्ड बदललं की हप्ता थांबतो हे पूर्वी कधीतरी होत असेल, आता नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचीही कार्ड अपडेटरची सोय आहे. तुमचं कार्ड संपलं, बदललं, हरवलं म्हणून नवीन आलं, की बँक नवा नंबर आणि नवी तारीख त्या सोयीत टाकते आणि ज्या दुकानदारांकडे तुमचं जुनं कार्ड दर महिन्याच्या पेमेंटसाठी ठेवलेलं आहे त्यांच्यापर्यंत ते आपसूक पोचतं. हेतू चांगला आहे, कार्ड बदललं म्हणून लोकांचा फोन किंवा इंटरनेट बंद पडू नये. पण याचाच अर्थ असा की ज्या कंपनीपासून तुम्हाला पळायचंय तिच्याकडे तुमचा नवा नंबर तुमच्या हातात कार्ड पडायच्या आधीसुद्धा गेलेला असू शकतो. वहिनींचं हेच झालं. हॅकिंग वगैरे काही नाही.

आणि पुढचं ऐका. ही सोय प्रत्येक कंपनी वापरतेच असं नाही. त्यामुळे पार्कने नव्या कार्डातून पैसे व्यवस्थित कापले, पण गाडीच्या इन्शुरन्सचा हप्ता जुन्या कार्डावर होता तो मात्र बाऊन्स झाला. वहिनींना ते कळलं इन्शुरन्सवाल्यांच्या ईमेलमुळे, तोही जंकमध्ये पडलेला. दोन दिवसांनी पॉलिसी बंद पडली असती आणि या रोज मुलांना घेऊन फ्रीवेवर गाडी चालवतात! जे थांबायला हवं होतं ते चालू राहिलं आणि जे चालू राहायला हवं होतं ते थांबलं. शिवाय कार्ड हरवलेलं नसताना हरवलं म्हणून बँकेला सांगणं म्हणजे सरळ खोटं बोलणं आहे, आणि उद्या याच बँकेकडे याच पार्कविरुद्ध खरी तक्रार घेऊन जायचंय, तेव्हा तुमच्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा? वहिनी आयुष्यात कधी बसचं तिकीट चुकवणाऱ्या नाहीत, त्यांना असलं करायला लावलं या मेसेजने, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

आता 'हप्ते बुडवले तरी चालतं'. यात थोडं, अगदी थोडं तथ्य आहे ते मान्य करतो: सेवाच मिळत नसेल तर पैसे का द्यायचे हा प्रश्न बरोबर आहे आणि कायद्यालाही तो प्रश्न मान्य आहे. पण 'आपोआप संपतो' हे कुठून आणलं? महिन्याचं पेमेंट दोन प्रकारचं असतं. एक खरी मेंबरशिप, जिम किंवा टीव्हीसारखी, महिन्याचे पैसे महिन्याला. दुसरं म्हणजे वर्षाचा पास आधीच विकत घेतलेला आणि त्याची किंमत बारा भागांत फेडायची. डिस्नीलँडचा जुना मंथली प्लॅन या दुसऱ्या प्रकारचा होता, फक्त कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना, बिनव्याजी. दुसऱ्या प्रकारात तुम्ही गुपचूप पैसे देणं थांबवलंत तर कागदावर तुम्ही थकबाकीदार. ती थकबाकी वसुलीवाल्यांकडे जाऊ शकते आणि तिथून क्रेडिट रिपोर्टवर. दादा या वर्षी घराच्या लोनसाठी अर्ज करणार आहे, काहीशे डॉलरच्या हप्त्यांपायी लोनच्या व्याजदरावर परिणाम व्हावा हे कुणाला परवडेल? मी वहिनींना करार शोधायला सांगितला, ईमेलमध्ये सापडला, त्यांचा दुसऱ्याच प्रकारचा निघाला. मेसेज लिहिणाऱ्याने हा फरक एका ओळीत तरी सांगायचा ना!

'एकाही कंपनीने एक डॉलर दिला नाही' हे तर धडधडीत चूक आहे आणि इथे माझा स्वतःचा अनुभव आहे. डिस्नीलँड १४ मार्च २०२० ला बंद झालं ते थेट ३० एप्रिल २०२१ ला उघडलं, ४१२ दिवस. त्याआधी ते बंद राहायचं ते एखाद-दुसरा दिवस, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतरच्या दुखवट्याला किंवा ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या दिवशी, त्यामुळे इतक्या लांब बंदचा कुणाला अनुभवच नव्हता आणि सुरुवातीला गोंधळ झाला. पण ५ एप्रिल २०२० पासून मंथली पेमेंट थांबवलं आणि १४ मार्च ते ४ एप्रिलमध्ये ज्यांचा हप्ता गेला होता त्यांना तो परत दिला. आमच्याकडे तेव्हा दोन पास होते, आमचा आला. फ्लोरिडातल्या डिस्नीवर्ल्डने, जे ११ जुलै २०२० ला उघडायला लागलं, ज्यांनी पूर्ण पैसे आधीच भरले होते त्यांना जितके दिवस बंद तितके दिवस मुदत वाढवून दिली, आणि नको असेल तर उरलेल्या भागाचा रिफंड. हां, उघडायच्या सुमारास त्यांनी काही पासधारकांच्या कार्डावरून थांबवलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे एकदम कापले होते, लोक भयंकर चिडले होते, ते खरं आहे. कंपनीने चूक मान्य केली आणि पैसे परत केले.

वार्षिक पास रद्द केल्याची गोष्ट: हो, १४ जानेवारी २०२१ ला डिस्नीलँडने जुना पास प्रोग्रॅम बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण त्याच घोषणेत १४ मार्च २०२० ला ज्यांचा पास चालू होता त्यांना उरलेल्या काळाच्या प्रमाणात रिफंड देण्याचं होतं. म्हणजे पैसे द्यायला नकोत म्हणून पास बंद केले हे अगदी उलटं, पास बंद केले म्हणून तर रिफंड द्यावे लागले. प्रमाणात म्हणजे बारा महिन्यांच्या पासातले नऊ महिने वापरले तर तीन महिन्यांचे, पूर्ण वर्षाचे नाही. त्याच्या जागी 'मॅजिक की' नावाचा नवा पास आला तो ऑगस्ट २०२१ मध्ये.

सगळेच असे वागले असं मी म्हणत नाही. सिक्स फ्लॅग्ज या दुसऱ्या पार्क कंपनीवर एप्रिल २०२० मध्येच कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा झाला होता, पार्क बंद असताना मेंबरशिपचे पैसे कापणं चालू ठेवलं अशी तक्रार. कंपनीचं म्हणणं असं होतं की तुम्ही भरलेल्या प्रत्येक बंद महिन्यासाठी पुढे एक महिना देऊ, आणि हप्ता थांबवायचा असेल तर तोही पर्याय आहे. मला विचाराल तर बंद पार्कचे पैसे आधी घ्यायचे आणि बदल्यात पुढचा महिना द्यायचा हे बरोबर नाही, ज्याची नोकरी त्या एप्रिलमध्ये गेली त्याला पुढच्या वर्षीच्या रोलर कोस्टरचं काय करायचं? पण तिथेही ज्यांनी स्वतःहून मागितलं त्यांचा हप्ता थांबवायची सोय होती. कार्ड हरवलं सांगायची गरज नव्हती.

आता 'पत्र लिहून फायदा नाही' वर येतो. मेसेज नेमकं तेच करू नका म्हणतो जे करायला हवं.

क्रेडिट कार्डासाठी अमेरिकेत १९७४ पासून फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्ट हा कायदा आहे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर साध्या भाषेत सगळं लिहिलंय, नमुना पत्रासकट, दहा मिनिटांत वाचून होतं. ठरल्याप्रमाणे न मिळालेल्या वस्तूचे किंवा सेवेचे पैसे लावले तर ती त्या कायद्यात बिलातली चूक धरली जाते. पासवर नॉन-रिफंडेबल छापलं म्हणून तुमचा तक्रार करायचा हक्क जात नाही. फक्त पद्धत पाळावी लागते. चुकीचा आकडा ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आला ते निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेकडे लेखी पत्र पोचलं पाहिजे. नुसता फोन केला तर कायद्याचं संरक्षण पक्कं होत नाही, आणि पत्र पैसे भरायच्या पत्त्यावर नाही, 'बिलिंग इन्क्वायरी'साठी जो वेगळा पत्ता स्टेटमेंटच्या मागे बारीक अक्षरात असतो तिथे पाठवायचं. बँकेला ३० दिवसांत पोच द्यावी लागते आणि दोन बिलांच्या आत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल. तोवर वादातली रक्कम तुम्ही नाही भरली तरी बँक तुम्हाला थकबाकीदार म्हणून दाखवू शकत नाही. निकाल आपल्याच बाजूने लागेल असं नाही, पार्क म्हणेल आम्ही मुदत वाढवून देणार आहोत, तुमच्या करारात बंदबद्दल काय लिहिलंय तेही बघितलं जाईल. पण हा खरा रस्ता आहे.

डेबिट कार्ड किंवा थेट बँक खात्यातून जात असेल तर नियम वेगळा, पुढच्या कपातीच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी बँकेला 'स्टॉप पेमेंट' सांगायचं, बँक नंतर लेखी मागू शकते, मागितलं तर १४ दिवसांत द्यायचं.

(पुण्याच्या मावशीकडेही हा मेसेज पोचलाय म्हणून: तिकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑटो पेमेंट कापायच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो आणि तिथूनच ते रद्द करता येतं. तिकडेही कार्ड हरवलं म्हणायची काहीच गरज नाही.)

६० दिवसांचा हिशोब लावून बघा म्हणजे या मेसेजने काय केलं ते कळेल. वहिनींचं स्टेटमेंट महिन्याच्या २८ तारखेला निघतं. फेब्रुवारीची मुदत एप्रिलच्या शेवटी गेली. मार्चची २७ मेला गेली. मेसेज मेच्या पहिल्या आठवड्यात आला होता, म्हणजे तेव्हा पत्र लिहिलं असतं तर मार्चचे ७६ डॉलर आरामात मुदतीत बसत होते. ते तीन आठवडे वहिनी नव्या कार्डाची वाट बघत बसल्या, आता सगळं थांबेल म्हणून. आता फेब्रुवारी-मार्चचे १५२ डॉलर थेट पार्ककडेच मागायला लागणार.

शनिवारी सकाळी त्यांच्या डायनिंग टेबलवर बसून आम्ही पत्र लिहिलं. एप्रिल, मे, जून तिन्ही कपातींच्या तारखा, पार्कच्या 'सध्या बंद आहोत' वाल्या ईमेलचे प्रिंट, कराराची कॉपी. पार्कला वेगळा ईमेल केला, हप्ता थांबवा आणि बंद काळाचे पाचही महिन्यांचे पैसे परत द्या, उत्तर लेखी द्या. कार्ड हरवलं नव्हतं हेही वहिनींनी बँकेला फोन करून स्वतःहून सांगितलं, त्यांना ते मनाला लागलं होतं. इन्शुरन्सचा हप्ता भरून झाला. सोमवारी दादाने पोस्टात जाऊन पत्र सर्टिफाइड मेलने पाठवलं, पावती फ्रिजवर लावलीय. एप्रिलची मुदत २७ जूनला संपतेय, त्याच्या बऱ्याच आधी पोचेल.

ग्रुपवर अजून दोघांनी 'मी पण कार्ड बंद केलं' असं लिहिलेलं दिसलं. तुम्ही दोघांनी आज रात्रीच नव्या कार्डाचं स्टेटमेंट उघडून बघा, आणि जुन्या कार्डावर इन्शुरन्स, वीज, फोन काय काय होतं ते पण. पत्राचा नमुना हवा असेल तर मला मेसेज करा, वहिनींचं पत्र नाव-नंबर काढून पाठवतो.