गंज चढवताना

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी लोखंडावरचा गंज काढला. पैसे मोजून तो चढवणारा मी पहिला.

मी अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसच्या एका उपनगरात राहतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि संध्याकाळी माझ्या चुका शोधणाऱ्यांना उत्तरं देतो. चाळिशीच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताने करायचा एखादा छंद लावून घ्या, रक्तदाबाला बरं. त्यांच्या मनात बहुधा टोमॅटोची रोपं असावीत. मी टोमॅहॉक आणला. सुरुवात सारखीच होती.

टोमॅहॉक म्हणजे हलकी, एकहाती कुऱ्हाड. पातं तळहाताहून लहान, दांडा हातभर. शब्द मूळचा व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या पोहाटन लोकांच्या भाषेतला. इंग्रज तिथे १६०७ मध्ये उतरले आणि थोड्याच वर्षांत हा शब्द त्यांनी उचलला. पुढे जमीनही उचलली. मूळ दगडी पात्याच्या जागी युरोपी लोहारांचं लोखंडी पातं आलं, आणि अठराव्या शतकात तर एक अजब प्रकार निघाला: एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला चिलीम, दांडा आतून पोकळ. तह झाला की त्याच अवजारातून तंबाखू ओढायची. असली वस्तू आमच्या भावकीत असती तर तीस वर्षांच्या कोर्टाच्या तारखा वाचल्या असत्या. अर्थात इथल्या मूळ रहिवाशांना तिचा काही उपयोग झाला नाही. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोची दक्षिणेकडची बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली. त्याच जमिनीवर आज माझं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजमध्ये मी चाळीस डॉलरचा टोमॅहॉक घेऊन उभा होतो.

वस्तू चांगली होती. ओतीव नाही, घडीव पातं. हिकरीच्या लाकडाचा दांडा. तक्रार एकच, ती नवीन दिसत होती. पात्यावर काळा रंग, दांड्यावर चकचकीत वॉर्निश. या छंदातल्या जाणत्यांचं मत असं की, टोमॅहॉक आणला तसाच वापरणं म्हणजे नवी पँट लेबलासकट घालणं. रंग उतरवायचा, लोखंडाला ‘वय’ द्यायचं, दांडा घासायचा, जाळायचा, तेल पाजायचं. मी मन लावून सगळं वाचलं आणि साठ डॉलरचं सामान मागवलं.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. बाबा लांज्याजवळच्या आमच्या गावात असतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कोयता त्यांच्या हातातून सुटत नाही.

“नवीन आहे ना रे?”

“हो.”

“मग काय करतोयस तिचं?”

“जुनी करतोय.”

बाबांनी फोन आईकडे दिला.

आईने वेगळाच मुद्दा काढला. “दरवर्षी खंडेनवमीला तू तो लॅपटॉप मांडतोस पूजेला. यंदा शस्त्र तरी असेल घरात.” जुलै चालू होता. खंडेनवमीला अडीच महिने होते. मी म्हटलं, दोन आठवड्यांत तयार होईल.

पहिला रविवार रंग उतरवण्यात गेला. जाणत्यांचा सल्ला: पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावं. पातं आडवं मावेल असा काचेचा डबा घरात एकच होता आणि तो मुग्धाच्या माहेरचा, नागपूरहून जपून आणलेला होता. मी तो विचारून घेतला असं मला अजूनही वाटतं. सकाळी डब्यात काळं पाणी आणि वर मळीसारखा साका. घरभर वास असा, की रेवा खाली येऊन म्हणाली, “आज लोणचं घातलं का आईने?”

पातं मात्र सुंदर निघालं, राखाडी आणि स्वच्छ. ते फडक्याने पुसून ठेवलं आणि चहा प्यायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ते नारिंगी झालं होतं. दहा मिनिटांत! आमच्या गावचा पावसाळा ज्या कामाला आठवडा घेतो ते ओहायोच्या जुलैने एका चहात उरकलं. आम्ल खायच्या सोड्याने मारायचं असतं, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा असतो, हे त्याच लेखाच्या पुढच्या परिच्छेदात होतं.

इथे गंजाबद्दल सांगायला हवं, कारण हे मला घरी अनेकदा सांगावं लागलं. लाल गंज वाईट. तो पोपडा धरतो, खाली ओल साठवतो आणि लोखंड खात जातो. काळा थर चांगला. तो चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. जुन्या विळ्यांवर जी काळपट झाक असते ती हीच. माणसं ती वापरून मिळवतात. आम्ही हौशी लोक ती मोहरी लावून मिळवतो.

हो, मोहरी. हॉट डॉगवर घालतात ती पिवळी, व्हिनेगरवाली. तिचे ठिपके पात्यावर द्यायचे, वाळू द्यायचे, धुवायचे. ठिपक्यांच्या कडेने गडद नक्षी उमटते. फोटोंमध्ये ती ढगांसारखी दिसत होती. माझ्या पात्यावर ती गजकर्णासारखी दिसली. मुग्धाने लांबूनच विचारलं, “हे पसरणारं आहे का?”

सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला गरम व्हिनेगर आणि कडक चहा. चहातलं टॅनिन लोखंडाला काळं करतं. हे ऐकून बाबांना पहिल्यांदा रस वाटला. “हिरडा आणि हिराकस! शाई अशीच करायचे पूर्वी,” ते म्हणाले, आणि मला क्षणभर आपण परंपरा चालवतो आहोत असं वाटलं. त्याच संध्याकाळी मुग्धाने पातेल्यात डोकावून विचारलं, “पाव किलो चहा? कोणासाठी?” परंपरेचं नाव घ्यायचं धैर्य झालं नाही.

पात्याला निळी झाक यावी म्हणून गॅसच्या टॉर्चने तापवायचाही माझा बेत होता. तो बाबांनी हाणून पाडला. “पाणी उतरेल!” ते फोनमधून ओरडले. लोहार धारेला पाणी पाजतो ते तापवून विझवून. ते पातं पुन्हा तापवत गेलं की आधी पिवळसर होतं, मग जांभळं, मग निळं, आणि निळं दिसलं की धार मऊ पडलीच समजायची. गावच्या लोहाराच्या भात्यापाशी बसून शिकलेली गोष्ट. त्या लोहाराला आजोबा भात द्यायचे, पैसे नाही. मी बाबांना सांगितलं, इथेही तसंच झालंय. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुइस आणि क्लार्कच्या मोहिमेने १८०४-०५ चा हिवाळा मँडन या मूळ रहिवाशांच्या गावाशेजारी काढला, तेव्हा मोहिमेतला जॉन शील्ड्स हा लोहार त्यांना कुऱ्हाडी घडवून द्यायचा आणि बदल्यात मका घ्यायचा. “म्हणजे बलुतंच की,” बाबा म्हणाले. “त्याने किती दिवस लावले एका कुऱ्हाडीला?” मी नेटवर्कचं कारण सांगून कॉल संपवला.

दांडा सोपा वाटला होता. आपल्या कुऱ्हाडीत दांडा खालून घालतात आणि वरून पाचर ठोकतात. टोमॅहॉकचं उलटं. दांडा वरच्या टोकाला जाड. पातं खालच्या टोकाने ओवून वर सरकवायचं आणि आवळून बसवायचं. जितकं हाणाल तितकं घट्ट. “टिकावासारखं,” बाबांनी स्क्रीनवर एका नजरेत सांगितलं. मला ते कळायला एक तासाचा व्हिडिओ लागला होता. कारखान्याने बसवलेला आधाराचा स्क्रू मात्र हौशी लोकांना चालत नाही. तो काढायचा आणि दांडा घासून घासून नेमका जमवायचा.

मी घासत गेलो. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. प्रत्येक वेळी पातं थोडं आणखी वर सरकायचं आणि मला वाटायचं, आता जमलं. तिसऱ्या शनिवारी ते पार वर गेलं आणि वरून बाहेर निघालं. खणकन. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर.

अशा वेळी मध्ये चामड्याची पट्टी घालतात. चामडं हवं साली-हिरड्यात कमावलेलं. दुकानात एका तुकड्याची किंमत पाहिली आणि मला कपाटातली कोल्हापुरी आठवली. लग्नातली, एका पायाचा अंगठा तुटलेली, दोन घरं बदलूनही न टाकलेली. तिच्या पट्ट्याने दांडा असा बसला की हलेना. आठवड्याने सहज काढून पाहिलं, तर चामडं जिथे पात्याला टेकलं होतं तिथे सुरेख, खोल, निळसर काळा रंग चढला होता. महिनाभर मोहरी-चहा-व्हिनेगर करून जो मिळाला नाही तो. आतल्या बाजूला. कोणाला कधीही दिसणार नाही अशा जागी.

आता तेल. दांड्याला जवसाचं उकळलेलं तेल लावतात. डब्यावर ‘उकळलेलं’ लिहिलेलं असतं, पण ते उकळलेलं नसतं. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. मुग्धा विदर्भातली. जवस म्हटल्यावर तिचा चेहरा या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा खुलला आणि चटणीसाठी ती चमचा घेऊन आली. “हे विषारी आहे,” मी म्हटलं. चमचा ठेवून ती गेली.

तेलाचा नियम असा: आठवडाभर रोज, महिनाभर दर आठवड्याला, वर्षभर दर महिन्याला आणि मग जन्मभर वर्षातून एकदा. इतकं व्रत आमच्या घरात शेवटचं आजीने केलं होतं. शिवाय फडक्याचं भय. या तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून टाकलं तर वाळता वाळता आतल्या आत तापतं आणि आपोआप पेट घेतं. म्हणून ते उघड्यावर पसरून वाळवायचं. माझं फडकं म्हणजे मंडळाच्या गणेशोत्सवाचा जुना टी-शर्ट. तो मी मागच्या कुंपणावर पसरला, आणि तीन दिवसांनी वसाहतीच्या समितीचं पत्र आलं: रस्त्यावरून दिसतील असे कपडे वाळत घालण्यास मनाई आहे. त्याच कुंपणाआड मी महिनाभर रोज संध्याकाळी हातात कुऱ्हाड आणि टॉर्च घेऊन लाकूड जाळत उभा होतो. त्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी टोमॅहॉक तयार झाला. जळून उमटलेल्या रेषांवर तेलाची मंद चमक, दांड्याला गोलाई, काळसर पातं. पूजेआधी एकदा फेकून बघू म्हणून शेजारच्या आजोबांकडे गेलो. त्यांच्या परसात फेकायला एक ओंडका आहे. बारा-तेरा फुटांवरून सोडायचा, हवेत एक पूर्ण गिरकी, आणि पातं लाकडात. मी सोडला. गिरकी दीड झाली. दांडा आधी लागला आणि पात्याच्या खाली, मी सर्वात जास्त घासलं होतं नेमक्या तिथे, काडकन तुटला.

आजोबा सज्जन. ते म्हणाले, दांडे तुटतातच. मग आपला टोमॅहॉक घेऊन आले, मला एक फेक शिकवावी म्हणून. पंधरा वर्षांपूर्वी नातवासाठी घेतलेला, त्याच कारखान्याचा. रंग झिजून पातं काळं-राखाडी झालेलं, दांडा हातांच्या तेलाने मधासारखा. मी जे चित्र भिंतीला लावून अडीच महिने काम करत होतो ते त्यांच्या हातात होतं. “फार कळकट झालाय,” ते ओशाळून म्हणाले. “तुमच्याकडे रंग आहे का हो काळा?”

बाबांना कळवलं. “दांडा धामणीचा असता तर नसता तुटला,” एवढंच त्यांचं सांत्वन.

दुसऱ्या दिवशी पाटावर लॅपटॉप आणि शेजारी बिनदांड्याचं पातं मांडलं. आईने स्क्रीनवर डोळे बारीक करून पाहिलं. “शस्त्राचं नुसतं मुंडकं दिसतंय रे.” रेवाने हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, पाणी जरा सढळ हाताने शिंपडलं. लॅपटॉप मी लगेच पुसला. पातं तसंच राहिलं.

सकाळी फुलं उचलली तर त्या ओल्या पाकळ्यांखाली, माझ्या खटपटीच्या त्या मळकट काळेपणावर, झेंडूचा ठसा उमटला होता. पाकळी न् पाकळी वेगळी. कडेला तांबूस, आत निळसर गडद. मी तो पुसायला फडकं उचललं इतक्यात मुग्धा मागे येऊन उभी राहिली. अडीच महिन्यांत तिने पहिल्यांदा ते पातं हातात घेतलं आणि उजेडात फिरवून पाहिलं.

“अरे, हे खरंच सुंदर झालंय,” ती म्हणाली. “कसं केलंस?”

“फार किचकट आहे,” मी म्हटलं. “तुला सांगून नाही कळायचं.”