व्हिन्स गिलिगन ‘पैसेवाले’ निर्माते नव्हेत

कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या आमच्या पणजी-फोंड्याकडच्या मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी टीव्ही मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन मुळात पैसेवाले निर्माते, लेखन त्यांनी मागाहून हौसेखातर केले. प्रत्यक्षात झाले ते नेमके उलटे.

गिलिगन १९८९ साली पटकथालेखनाच्या स्पर्धेतून पुढे आले. ‘द एक्स-फाइल्स’साठी त्यांनी लिहिलेला पहिला भाग १९९५ मध्ये दाखवला गेला आणि त्याच मालिकेत लिहीत लिहीत ते कार्यकारी निर्माते झाले. ‘ब्रेकिंग बॅड’ आली २००८ मध्ये.

घोळ आहे तो ‘निर्माता’ या शब्दाचा. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकाचा निर्माता म्हणजे पडद्यापासून रंगभूषेपर्यंतचा खर्च उचलणारा (आणि मग वर्षभर त्याचा हिशेब ऐकवणारा). अमेरिकी मालिकांत ही बहुतेकदा लेखकाची बढती असते: स्टाफ रायटर, स्टोरी एडिटर, को-प्रोड्युसर, असे करत वर. वर पोचलेला लेखक इतरांच्या संहिता दुरुस्त करतो, कलाकार निवडताना आणि संकलनातही त्याचा शब्द चालतो. पैसा स्टुडिओचा नि वाहिनीचा. मजकूर लिहिणाऱ्याने श्रेयनामावली वाचली, अर्थ मात्र आपल्या गावचा लावला.